नाना बोरसे आणि एक ‘जैसे थे’

पहिल्या शनिवारी नानांनी नमस्कार केला नाही, स्वतःचं नाव सांगितलं नाही, फळ्यावर विषयही लिहिला नाही. खांद्यावरची कापडी पिशवी टेबलावर ठेवली, तिच्यातून केळ्यांची एक हिरवीगार फणी काढली, टेबलाच्या मधोमध मांडली आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "ही आजची पक्षकार. कापून झाली आहे. आता हिचं काय करायचं ते सांगा, साहेब."

जळगावच्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात आम्ही पंचवीसेक जण बसलो होतो. निम्मे माझ्यासारखे तालुक्याच्या गावी काम करणारे दिवाणी न्यायाधीश, निम्मे कायदा शिकवणारे प्राध्यापक. ‘कायदा आणि अर्थशास्त्र’ असा सहा महिन्यांचा अभ्यासवर्ग होता, दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. त्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, म्हणून ते निवडलेले. झालं, आमची सुट्टी गेली! शिवाय बारावीत अर्थशास्त्रात मी जेमतेम पास झालेली. फुलीसारख्या दोन रेघा काढून गुरुजी काय सांगायचे ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. आता सहकाऱ्यांसमोर फजिती होणार, या काळजीने मी मागची खुर्ची धरून बसले होते.

रेघा नानांनी काढल्याच नाहीत. खटला उभा केला. शेतकऱ्याने बाग एका व्यापाऱ्याला ठरवून दिली, मग भाव वाढला, शेतकऱ्याने तीच बाग दुसऱ्याला दिली, पहिला व्यापारी कोर्टात आला आणि कापलेला माल मध्येच अडकला. चाळीसगावहून सकाळच्या गाडीने येणारे माझे सहकारी देसले साहेब, त्यांना नानांनी न्यायाधीश केलं. म्हणजे नोकरीतही तेच आणि सुट्टीतही तेच. शेतकऱ्याचा वकील झालेल्या प्राध्यापकाने म्हणणं द्यायला मुदत मागितली. देसले साहेबांनी दिली, पंधरा दिवस. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मुदत मागितली की द्यायची, हे आमच्या हाताला बसलेलं असतं. नाना "बरं" म्हणाले, फणी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकली आणि दुसरंच काही शिकवायला लागले.

पंधरा दिवसांनी त्यांनी तेच पुडकं टेबलावर उघडलं. केळी काळीठिक्कर, साल फाटलेली, वास तर असा की पुढच्या रांगेने रुमाल काढले. नाना अगदी गंभीर चेहऱ्याने देसले साहेबांना म्हणाले, "तुम्हीन तारीख दिन्ही व्हती ना, साहेब? ही देखा, तारखले हाजर शे!"

हसून हसून सभागृहाचे डोळे भरले. देसले साहेब सगळ्यांत जास्त हसले. नानांनी हसू ओसरू दिलं आणि मग हळूच विचारलं, "आते सांगा. झय कोले बसनी?"

झय म्हणजे झळ. झळ कुणाला बसली? सहा महिन्यांत हा प्रश्न आम्ही किती वेळा ऐकला, त्याला गणती नाही. नाना शिकवायचे शुद्ध मराठीत, पण मुद्द्यावर आले की त्यांची अहिराणी आपोआप बाहेर यायची. ते म्हणायचे, "निकाल चूक की बरोबर ते वरचं कोर्ट सांगेल. झळ कुणाला बसली ते वरचं कोर्ट सांगत नाही. ते तुमचं तुम्हालाच बघावं लागतं."

पंढरीनाथ बोरसे हे त्यांचं कागदावरचं नाव. धुळ्याच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. उंच, पण खांद्यात वाकलेले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, खिशात खडूचे तुकडे आणि ऐन मार्चपर्यंत कानाला मफलर. "बाकी काही लागो, कानाला वारं लागू नये," असं त्यांचं तत्त्वज्ञान. राहायला धुळ्यात मुलाकडे, देवपुरात. पण वर्ग असला की आदल्या दिवशी तापीकाठच्या आपल्या गावी जायचे, बागेतून स्वतःच्या हाताने फणी काढून आणायचे आणि तिथून एसटीने जळगाव गाठायचे. ती बाग त्यांच्या धाकट्या भावाची. भाऊ वारला होता, भावजय आणि तिचा मुलगा बाग बघत होते. एवढं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, गावाचं नाव मात्र कधी निघालं नाही.

मी मुळातच जिवाला घोर लावून घेणारी. गॅस बंद केला का, सही राहिली का, कालचा आदेश नीट टंकला गेला का. माझी आई धुळ्याची, ती म्हणते, "तुना जीवले सुख कसं नही व माय?" दुसऱ्या वर्गाच्या वेळी चहाला नानांनी माझी विचारपूस केली. माहेर धुळं म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "मंग तू तं मनी गाववाली व माय!" तेव्हापासून वर्गात मी इतरांसारखी ‘साहेब’ आणि चहाच्या टेबलाशी ‘माय’. माझ्या वहीतली उत्तरं ते मफलर सोडून वाचायचे आणि चुकलेल्या जागी खडूने टिंब द्यायचे. पेन नाही, खडू! घरी पोहोचेपर्यंत टिंब पुसलं जायचं आणि चूक कुठे होती ते मला पुन्हा शोधावं लागायचं. तेच त्यांना हवं असायचं.

एकदा त्यांनी सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याला शिकवायला आणलं. पांढरेशुभ्र कपडे घातलेले शेठजी समोर इतके न्यायाधीश बघून गारच पडले. हात जोडून असे उभे राहिले, जणू आता नाव, वय, धंदा विचारणार. नाना म्हणाले, "शेठ, हात खाली घ्या. आज तुम्ही साक्षीदार नाही, मास्तर आहात." मग शेठजी हळूहळू मोकळे झाले. ट्रक उशिरा आला तर मजूर काय करतात, घड कुठे ठेवतात, कोण कुणाला फोन करतं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आमच्यात भांडणं होत नाहीत असं नाही, साहेब. पण भांडण सकाळी झालं तर दुपारी मिटवावं लागतं. माल थांबत नाही ना." नाना मागे भिंतीला टेकून पोराचं भाषण ऐकणाऱ्या बापासारखे खूश होते.

असे डिसेंबरपर्यंतचे दिवस.

जानेवारीत माझ्यासमोर एका विहिरीचा दावा आला. तालुक्याचं नाव सांगत नाही, सांगू नये. सामाईक विहीर, पाण्याच्या पाळीवरून चुलतभावांत भांडण. दाव्यासोबत तातडीच्या मनाईचा अर्ज असतो, त्याला आम्ही ‘निशाणी पाच’ म्हणतो. दावा पुढे कितीही वर्षं चालो, खरी मारामारी निशाणी पाचवर होते. शुक्रवार होता, पाच वाजत आले होते, दोन्ही वकील एकमेकांवर ओरडत होते. वादी म्हणे ते पाळी सोडून मोटार चालवतात, प्रतिवादी म्हणे हे खोटं बोलतात. माझ्या पुढ्यात आणखी सात अर्ज. मी म्हटलं, पुढच्या तारखेपर्यंत जैसे थे. मोटार कुणीच चालवायची नाही. दोघांनाही सारखं. कुणाचंच नुकसान नको, असा स्वच्छ विचार करून मी सही केली. दहा मिनिटं लागली असतील.

दाव्याचं नाव ‘मुरलीधर विरुद्ध सुमनबाई व इतर’. त्या ‘व इतर’मध्ये कोण आहे ते मी पाहिलं नाही. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते: नाना. सुमनबाई म्हणजे त्यांची भावजय. आणि ती विहीर म्हणजे आमच्या टेबलावर येणाऱ्या फण्यांची विहीर. मला हे कळायला एप्रिल उजाडला. त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं.

पुढच्या वर्गाला मी नेहमीसारखी चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ गेले. नाना उठले. "माफ करा, साहेब," म्हणाले आणि कप तसाच ठेवून बाहेर व्हरांड्यात गेले. साहेब! मला वाटलं, कानाला वारं लागलं असेल, तब्येत बरी नसेल. त्याच्या पुढच्या वर्गालाही तेच. मी वही पुढे केली तर म्हणाले, "देसले साहेबांकडून तपासून घ्या, त्यांना आता येतं." शिकवताना सगळ्यांकडे बघायचे, माझ्यावर आले की नजर पुढच्या खुर्चीवर उडी मारायची.

बाई गं, माझं काय झालं म्हणून सांगू! काय चुकलं माझं? मी कुठे जास्त बोलले का? त्यांच्या एखाद्या उदाहरणावर हसले का? आईला फोन करून विचारलं, म्हाताऱ्या माणसांना कशाकशाचा राग येतो? आई म्हणाली, "तुले कोनी नमस्कार कया नही तरी तू आठ दिन जेवस नही." आईचं खरं होतं, पण या वेळी माझंही खरं होतं.

आणखी दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या, आणि दोन्हींचा अर्थ मला लागला नाही. एक म्हणजे किल्ली. नानांच्या बुशशर्टाखालून करदोड्याला बांधलेली छोटी पितळी किल्ली आता दिसायला लागली होती. बोलता बोलता त्यांचा हात तिच्याकडे जायचा. आधी ती नव्हती. मला वाटलं, घराची असेल, म्हातारपणी विसरायला होतं. दुसरी गोष्ट म्हणजे फणी. ऑक्टोबरातली फणी दोन हातांनी उचलावी लागायची. फेब्रुवारीत ती एका हातात मावू लागली. मार्चमध्ये केळी भरलेलीच नव्हती, बोटं बारीक आणि कडा उठून दिसणाऱ्या. कुणीतरी विचारलं, "नाना, या वेळी जात वेगळी का?" नाना म्हणाले, "जात तीच आहे," आणि फळ्याकडे वळले.

त्याहून विचित्र म्हणजे त्यांनी एक व्याख्यान गाळलं. छापील वेळापत्रकात फेब्रुवारीच्या चौथ्या शनिवारी विषय होता, ‘तात्पुरते मनाईहुकूम: किंमत कोण मोजतं?’ ज्यांनी आधीच्या वर्षी हा वर्ग केला होता, ते सगळे सांगायचे की ते नानांचं सर्वांत गाजलेलं व्याख्यान, काहीही झालं तरी ते चुकवू नका. मी त्यासाठी नवी वही घेतली होती. नानांनी वर्गात येऊन सांगितलं, "हा विषय या खेपेला होणार नाही." देसले साहेबांनी कारण विचारलं. "कारण आहे. सांगता येणार नाही," एवढंच म्हणून त्यांनी विम्यावर बोलायला सुरुवात केली.

इकडे माझ्या कोर्टात विहिरीच्या दाव्याची तारीख येत होती आणि जात होती. सुमनबाईंच्या वकिलाने जैसे थे उठवा म्हणून अर्ज दिला. मुरलीधरच्या वकिलाने त्यावर म्हणणं द्यायला मुदत मागितली. मी दिली. मग त्या वकिलाच्या घरी लग्न निघालं. मी मुदत दिली. मग एका तारखेला मीच जळगावला बैठकीला होते. काळं पडलेलं केळं डोळ्यांनी बघूनही माझ्या हाताची सवय सुटली नव्हती, हे मला कबूल केलंच पाहिजे. वर्गात शिकलेलं वर्गातच राहतं, ते कोर्टात यायला वेगळी बस लागते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटी तो अर्ज ऐकायला घेतला. सकाळी चेंबरमध्ये कैफियत वाचत होते. प्रतिवादींचं म्हणणं असं, की वादीच्या शेतात त्याची स्वतःची बोअर आहे. मोटार बंद राहिल्याने त्याचं काही अडत नाही. प्रतिवादींना मात्र या विहिरीशिवाय पाणी नाही. केळीची बाग वाळत चालली आहे. शेवटच्या पानावर सह्या होत्या. चौथी सही वाचली. पंढरीनाथ देवराम बोरसे, वय चौऱ्याहत्तर, धंदा सेवानिवृत्त प्राध्यापक, राहणार धुळे.

साहेब का म्हणाले, चहा का सोडला, फणी का आटली, व्याख्यान का गाळलं, सगळं एका क्षणात उलगडलं. ते व्याख्यान त्यांनी दिलं असतं तर मी पुढच्याच सोमवारी जैसे थे आदेशांची यादी काढायला लावली असती, माझा स्वभावच तसा आहे. आणि त्यांनाही तो माहीत होता. म्हणूनच दिलं नाही. आपल्या खटल्यातल्या न्यायाधीशाला व्यासपीठावरून पढवल्यासारखं झालं असतं. भावजयीची बाग वाळत होती आणि हा माणूस आम्हाला विमा शिकवत होता.

बाहेर पट्टेवाला पुकारा करत होता. आता मी काय करायचं? आदेश उठवला तर मुरलीधर उद्या म्हणेल, साहेब त्यांच्या शिष्या आहेत, आणि त्याचं खोटंही नसेल. दावा दुसऱ्या कोर्टाकडे पाठवला तर कागद जिल्ह्याला जाणार, तिथून नेमणूक होणार, मध्ये मे महिन्याची सुट्टी. तोवर बाग उभी राहील? मला नानांचा आवाज कानात ऐकू येत होता, झय कोले बसनी? आणि उत्तर समोर लिहिलेलं होतं. बरोबर वागावं तरी झळ त्यांनाच, चुकीचं वागावं तरी शेवटी त्यांनाच. मी शिरस्तेदारांना आत बोलावलं. ते वीस वर्षं कोर्टात काढलेले गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, तुमच्यासमोर हा चालवता येत नाही. त्यात विचार करण्यासारखं काही नाही." मला ते माहीतच होतं. कुणीतरी म्हणून दाखवायला हवं होतं.

मी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना पत्र लिहिलं. प्रतिवादी क्रमांक चार हे माझे शिक्षक आहेत, दावा दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग व्हावा, बाग उभी असल्याने तातडीने व्हावा. ‘तातडीने’ खाली रेघ मारली, मग वाटलं की तोही पक्षपात होईल, म्हणून पत्र पुन्हा टंकून घेतलं आणि रेघ काढून टाकली. एवढं मात्र केलं, की ते टपालाने न पाठवता माणसाच्या हाती त्याच दिवशी जळगावला पाठवलं.

चौथा शनिवार वर्गाचा शेवटचा दिवस होता. नाना आले, पिशवी टेबलावर ठेवली आणि रिकामी घडी करून बाजूला सारली. देसले साहेब म्हणाले, "नाना, आज पक्षकार गैरहजर?" सगळे हसले.

"गैरहजर," नाना म्हणाले. "आता येणार नाही."

मी मान खाली घातली. मग खडूचा आवाज आला म्हणून वर पाहिलं. फळ्यावर लिहिलेलं होतं, ‘तात्पुरते मनाईहुकूम: किंमत कोण मोजतं?’ माझं पत्र पोहोचल्याचं त्यांना वकिलाकडून कळलं असणार. मी दूर झाले होते, आता त्यांना बोलायला मोकळीक होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

दीड तास बोलले. म्हणाले, "तुम्ही लिहिता जैसे थे, आणि तुम्हाला वाटतं आपण काहीच केलं नाही, नुसतं थांबवलं. पण शेतात काही थांबतं का? ज्याच्याकडे दुसरी सोय आहे त्याला तुमची तारीख गोड लागते. ज्याच्याकडे नाही त्याचा निकाल तुम्ही त्याच दिवशी लावलेला असतो, फक्त त्याला नक्कल मिळत नाही." एकाही विहिरीचं नाव घेतलं नाही. दाव्याचं नाही, गावाचं नाही. मी लिहून घेत होते आणि अक्षरं पुसट होत होती. शेवटी देसले साहेबांनी विचारलं, "नाना, समजा न्यायाधीशाला खटल्यातून बाजूला व्हावं लागलं आणि त्यातच उशीर झाला, तर?" बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. नानांचा हात किल्लीकडे गेला. मग म्हणाले, "तर बाजूला व्हायचं. काही झळा सोसाव्याच लागतात, साहेब. पण कोले बसनी, हाई इचारनं सोडानं नही."

त्यानंतर मी रडले, स्वच्छतागृहात जाऊन. एक न्यायाधीश म्हणून हे सांगायला लाज वाटते, पण रडले.

नव्या न्यायाधीशांनी जूनमध्ये पाळी लावून दिली, एक दिवस यांचा, एक दिवस त्यांचा. तोपर्यंत बाग गेलेली होती. तेव्हा मला कुणी येऊन सांगितलं नाही, मी कुणाला विचारू शकत नव्हते. दौऱ्यावर गाडी तापीकडून जायची तेव्हा वाळून खाली लोंबणारी पानं दिसली की प्रत्येक बाग मला तीच वाटायची आणि मी ड्रायव्हरला उगाच काहीतरी विचारत बसायची.

लोकअदालतीत दावा तडजोडीने मिटला, त्या संध्याकाळी नानांचा फोन आला. माझ्यासोबतचा चहा सोडल्याला नऊ महिने झाले होते. "आते बोलाले हरकत नही, माय." नानाच पुढे बोलत राहिले. म्हणाले, "चूक मनीबी शे. पहिल्याच दिवशी वकिलाला सांगायला हवं होतं, की साहेब माझ्या वर्गात आहेत. दावा तेव्हाच दुसरीकडे गेला असता. वाटलं, पंधरवड्यात उठेल ऑर्डर, कशाला बोभाटा. चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो, तारीख स्वस्त समजू नका. आणि मीच स्वस्त समजलो." मी म्हटलं, नाना, मी येऊन भेटते. "ये ना. मायले बी आन," म्हणाले. मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. तिथेही मी तारखाच दिल्या. जानेवारीत देसले साहेबांचा फोन आला. नाना सकाळी अंघोळीला पाणी काढताना बसले ते उठले नाहीत.

मी आणि आई देवपुरात भेटायला गेलो. ओसरीवर बायका होत्या. नानांच्या सुनेने एका उभट चेहऱ्याच्या, काळ्यासावळ्या बाईंकडे हात केला, "या सुमनअक्का, गावाकडच्या." मला पळून जावंसं वाटलं. अक्कांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्हीच त्या कोरटना साहेब ना?"

"हो," मी म्हटलं.

अक्का उठून आत गेल्या. आईने माझा हात दाबला. मला वाटलं, त्या आता बाहेर यायच्या नाहीत. पण आल्या, आणि माझ्यासमोर ती छोटी पितळी किल्ली ठेवली.

"मोटारना पेटीनी शे," अक्का म्हणाल्या. "मना पोऱ्या मोटार चालू कराले गया, तं नाना आडवा झायात. म्हने, कोरटनी ऑर्डर शे. मी म्हनं, आठे कोन देखाले येस? बठ्ठा लोके चालाडतस. तं म्हने, मी देखस ना." इथे कोण बघायला येतं, सगळेच चालवतात, असं अक्कांनी म्हटलं, तर नानांचं उत्तर, मी बघतो ना. अक्का पुढे सांगू लागल्या. "पेटीले कुलूप लाई दिन्हं, किल्ली करदोडाले बांधी. दर पंधरा दिनले येत, कुलूप देखत, एक फनी काढत, निंघी जात. बाग मरी गयी मना डोयासमोर. पन घरमा तुमले कोनले वाईट बोलू दिन्हं नही त्यासनी. म्हनेत, ती पोर इचार करनारी शे, तिले वेळ द्या."

मी म्हटलं, "अक्का, तुमचा राग असेल माझ्यावर."

"शे," अक्का म्हणाल्या. "खोटं कसाले बोलू? राग शे." आणि किल्ली माझ्याकडे सरकवली. "पन हाई तुमनापाशी ऱ्हाऊ द्या."

माझ्या मनात काय आलं माहीत आहे? पक्षकाराकडून वस्तू घेणं नियमात बसतं का! दावा मिटलाय का, अपील आहे का, असं मी खरोखर विचारलं. आईने कपाळाला हात लावला. अक्का मात्र पहिल्यांदा हसल्या, ओल्या डोळ्यांनीच. "नाना म्हनेत तशीच शेतस तुम्ही."

ती किल्ली आता माझ्या डायसवर पेनांच्या डब्यात असते. मधे बदली झाली, डबाही सोबत आला. निशाणी पाच पुढे आली, दोन्हीकडचे वकील आपापलं म्हणाले, आणि माझ्या तोंडावर ते दोन सोपे शब्द आले, की मी आधी विचारते, "तारखेपर्यंत शेतात काय उभं आहे?" वकील एकमेकांकडे बघतात. कागदांत ते कुठेच लिहिलेलं नसतं. मग त्यांना मागे वळून, शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाला विचारावं लागतं.